लाईट गेल्यावर काय चालेल आणि किती वेळ? – घरची वीजपेटी घेण्याआधीचा हिशेब

हंगामात रात्रीच्या वेळी कारखान्याच्या आवारात पाऊल टाकले की दिवस असल्यासारखा उजेड दिसतो. बगॅसवर बॉयलर पेटतो, वाफेवर टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. राज्यातले कित्येक सहकारी कारखाने स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकतातही. हे पाहून सभासद आम्हाला हटकून विचारतात, "आवो, आमच्याच उसाच्या चिपाडावर वीज होती, आन् आमच्याच वस्तीवर अंधार कसा?"

प्रश्न रास्त आहे. पण वीज तयार होण्याची जागा वेगळी आणि ती आपल्या घरी पोचण्याची वाट वेगळी. कारखान्याची जादा वीज उच्च दाबाने सबस्टेशनला जाते. आपल्या घरची लाईट जाते ती बहुधा शेवटच्या टप्प्यावर. कुठे तारेवर फांदी पडते, कुठे डी.पी.चा फ्यूज उडतो, कुठे रोहित्रच जळते. ज्यांची वस्ती शेतीच्या फिडरवर आहे, त्यांची तर पाळी संपली की लाईट गेलीच. डी.पी. बंद असेल तर राज्यात कितीही वीज असो, त्याचा आपल्या घराला काय उपयोग?

२००५ नंतरची काही वर्षे भारनियमनात कशी काढली हे आपल्याला आठवते. तसे दिवस आता राहिले नाहीत. तरी २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी पुरात दिवसच्या दिवस विजेवाचून काढले. म्हणून घरोघरी काहीतरी सोय करण्याकडे लोकांचा कल आहे, आणि तो योग्यच आहे.

बाजारात इन्व्हर्टर-बॅटरी पूर्वीपासून आहे. आता 'पोर्टेबल पॉवर स्टेशन' नावाची नवी वस्तू आली आहे. बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर आणि सोलर पॅनेल जोडायची जागा, हे सगळे एका पेटीत बसवलेले असते. कडी धरून उचलायची आणि पाहिजे तिथे ठेवायची. तिला आपण या लेखात सोयीसाठी 'वीजपेटी' म्हणू. वस्तू चांगली आहे, पण महाग आहे. उसाच्या हप्त्याचा पैसा घालण्याआधी थोडा हिशेब शिकून घ्यावा, एवढ्याचसाठी हा धडा.

आमचीच फजिती

दुसऱ्याचे कशाला, आमच्याच घरचे सांगतो. आमच्या आईला श्वासाचा जुना त्रास. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचे विजेवरचे यंत्र ठेवायला सांगितले होते. लाईटचा भरवसा नाही म्हणून आम्ही एक वीजपेटी आणली. पेटीवर ठळक आकडा होता १०००. दुकानदार म्हणाला, "हजार वॉटची आहे, तुमचं मशीन साडेतीनशेचं. बिनघोर राहा." आम्हालाही ते पटले. हजारात साडेतीनशे म्हणजे चांगली ऐसपैस झाली, रात्र सहज निघेल, असे आम्ही धरून चाललो.

२०२३ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि रात्री आठला लाईट गेली. यंत्र पेटीवर लावले. सव्वानऊ वाजता पेटी टूंऽऽ वाजली आणि बंद पडली. सव्वा तास! शेजारच्या आबांनी जीप काढली आणि अंधारात, पावसात, आईला घेऊन तालुक्याचा दवाखाना गाठला. वाटेत तिचे ओठ निळे पडत होते. आई वाचली, पण ती वाट आम्ही जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. आधी पेटीसोबतचा कागद नीट वाचला आणि गप्प बसलो. १००० हा आकडा खोटा नव्हता, तो आम्ही चुकीचा वाचला होता.

विहीर किती आणि पाइप केवढा?

वीजपेटीवर दोन आकडे असतात. एक वॉट, दुसरा वॉटअवर. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

विहिरीवरून पाहा. विहिरीत पाणी किती साठले आहे ही एक गोष्ट, आणि पाइप किती इंची आहे ही दुसरी. पाइप मोठा असला म्हणून विहिरीतले पाणी वाढत नाही, उलट विहीर लवकर उपसते. वॉट म्हणजे पाइप, एका वेळी किती वीज ओढता येईल ते. वॉटअवर म्हणजे विहिरीतला साठा. १००० वॉटअवर म्हणजे आपल्या लाईट बिलातले एक युनिट.

आमच्या पेटीचा पाइप होता १००० वॉटचा, पण साठा होता ५१२ वॉटअवरचा, म्हणजे सुमारे अर्ध्या युनिटाचा. बघा, सगळा घोटाळा एवढाच होता.

काही लहान पेट्यांवर तिसराच आकडा छापतात, १,००,००० एमएएच असा. आकडा पाहून डोळे दिपतात. त्याला १००० ने भागावे आणि लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टने गुणावे. उत्तर येते ३७० वॉटअवर, म्हणजे एक युनिटाच्या निम्म्याहूनही कमी. मोठ्या आकड्याला भुलू नये.

टनेज आणि उतारा

ऊसवाल्याला हे सांगायला नको. काट्यावर ऊस एक टन भरला म्हणून साखर एक टन निघत नाही, उतारा पाहावा लागतो. वीजपेटीचेही तसेच आहे. बॅटरीतली वीज घरच्या २३० व्होल्टमध्ये बदलताना काही वाया जाते. ढोबळमानाने १०० मधले ८५ हाती लागतात असे धरावे. म्हणून आमच्या ५१२ मधले सुमारे ४३५ हाती आले. त्याला ३५० ने भागा, सव्वा तासच येतो. पेटीने आम्हाला दगा दिला नाही. आमचा हिशेबच कच्चा होता.

आणखी एक. पेटीचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो स्वतः थोडी वीज खात राहतो. काही लावायचे नसेल तेव्हा बटण बंद करावे. मोबाईल पेटीच्या यूएसबी भोकातूनच चार्ज करावा, म्हणजे फुकटची घट टळते.

घरचा हिशेब मांडू या

आता मुलांची वही-पेन्सिल घ्या. लाईट गेल्यावर जे चालू राहायलाच पाहिजे तेवढेच लिहा. हवेसे वाटते ते सगळे लिहू नका. आम्ही एका साध्या वस्तीवरच्या घराचा हिशेब देतो. लाईट सहा तास जाते असे धरले आहे.

९ वॉटचे तीन एलईडी दिवे – २७ वॉट
७५ वॉटचे दोन जुने पंखे – १५० वॉट
वायफायची डबी – १० वॉट
एकूण – १८७ वॉट

१८७ ला ६ तासांनी गुणले की ११२२ वॉटअवर. दोन मोबाईल पूर्ण चार्ज करायला प्रत्येकी सुमारे २० म्हणजे ४० धरा. बेरीज ११६२. उताऱ्यासाठी ०.८५ ने भागा. उत्तर सुमारे १३७०. म्हणजे या घराला १४०० वॉटअवरच्या आसपासची पेटी लागेल.

आता याच घरातले दोन जुने पंखे काढून बीएलडीसी मोटरचे पंखे लावा. असा पंखा साधारण ३० वॉट घेतो. मग दिवे २७, पंखे ६०, डबी १०, एकूण ९७ वॉट. सहा तासांचे ५८२, मोबाईलचे ४० मिळवून ६२२, आणि ०.८५ ने भागले की सुमारे ७३०. पेटी जवळजवळ निम्म्यावर आली! पेटीच्या किमतीतला हा फरक दोन पंख्यांच्या खर्चाच्या मानाने पुष्कळ मोठा असतो. शिवाय लाईट असते तेव्हाही बिल कमी येते. म्हणून आम्ही सांगतो, आधी पंखा बदला, मग पेटी बघा. मोठी विहीर पाडण्याआधी चारीतली गळती बुजवावी, तसेच हे आहे.

आणि नुसते तीन दिवे व मोबाईल एवढीच गरज असेल तर? हिशेब येतो सुमारे २४० वॉटअवर. त्यासाठी लहानशी पेटी पुरे. चार्ज होणारे एलईडी बल्ब आणले तरी मुलांचा अभ्यास अडत नाही. शेजाऱ्याने मोठी घेतली म्हणून आपणही मोठी घ्यावी, असे काही नाही.

काय लावू नये

पाणी तापवायचा रॉड, गिझर, इस्त्री, विजेची शेगडी यांना पेटीवर बंदीच घाला. रॉड हजार-दीड हजार वॉटचा असतो. एक बादली पाण्यात रात्रभराचा पंखा बुडतो.

मोटर असलेल्या वस्तूंचे गणित निराळे. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. बैल गाडी ओढतो, पण चाक रुतलेले असताना पहिला हिसका केवढा द्यावा लागतो? तसेच हे. म्हणून फ्रीज चालताना शंभर-दीडशे वॉटच घेत असला तरी त्याचा पहिला हिसका सोसेल एवढी पेटी हवी. पेटीच्या कागदावर हा आकडा 'सर्ज' किंवा 'पीक' म्हणून वेगळा दिलेला असतो. तसे पाहता दार न उघडता ठेवला तर फ्रीज तीन-चार तास गार राहतो. तेवढ्यासाठी पेटीवर भार टाकू नये.

अर्ध्या एच.पी.ची घरची पाण्याची मोटर पाच-सहाशे वॉट घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. ती लावायचीच असेल तर दुकानात प्रत्यक्ष चालवून पाहावी. पाणी टाकीत आधीच भरून ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. आणि विहिरीवरची पाच एच.पी.ची मोटर? तिला थ्री फेज लागते, तिचे नावच काढू नका.

पेटी किंवा इन्व्हर्टर 'प्युअर साइन वेव्ह'चा आहे ना, हेही पाहावे. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पंखा घूंघूं करतो आणि मोटर तापते.

पेटी की इन्व्हर्टर?

सभासद विचारतात, "मग जुना इन्व्हर्टर वाईट का?" मुळीच नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे गुणाकाराने १८०० वॉटअवर. तेवढ्याच साठ्याच्या वीजपेटीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. पण तिच्या चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. ती तळापर्यंत उपसू नये, निम्म्याच्या आसपास वापरून परत भरली तर जास्त वर्षे टिकते. डिस्टिल्ड पाणी वेळेवर घालावे, विहिरीचे पाणी चालत नाही. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून मोकळ्या हवेत ठेवावी, देवघराच्या दिव्याजवळ किंवा चुलीजवळ नको. वजन पन्नास-साठ किलो, खताच्या पोत्याएवढे, तेव्हा एकदा ठेवली की तिथेच राहिली. आणि ती भरायला बहुधा दहा-बारा तास लागतात. जिथे लाईट पाळीनेच येते, तिथे ती पुरती भरतच नाही. अर्धवट भरलेली शिसे-आम्लाची बॅटरी लवकर मरते.

वीजपेटीला पाणी लागत नाही, जागा थोडी लागते. हजार वॉटअवरची पेटी दहा-बारा किलोच्या आसपास भरते. पुरात माळ्यावर नेता येते, बाळंतिणीच्या खोलीत ठेवता येते. काही पेट्या दीड-दोन तासांत भरतात, काहींना सात-आठ तास लागतात. हे विचारूनच घ्यावे. आणखी एक खास आपल्याकडचा प्रश्न विचारावा. "होल्टेज १७० वर आलं तर ही चार्ज होते का?" वस्तीवर संध्याकाळी दाब पडतो, आणि काही चार्जर तेवढ्या दाबावर चालूच होत नाहीत.

थोडक्यात सांगायचे तर पक्के घर, एकाच जागी रोजचा वापर आणि आठवणीने पाणी घालणारे माणूस असेल तर इन्व्हर्टर-बॅटरी बरी. पूररेषेतले घर, शेतातली वस्ती, जागा बदलण्याची गरज किंवा लाईट थोडाच वेळ येत असेल तर वीजपेटी बरी.

बॅटरीची जात

उसाची जात न विचारता आपण बेणे आणत नाही. बॅटरीचीही जात विचारावी. वीजपेटीत लिथियमच्या मुख्यतः दोन जाती असतात. एक एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. दुसरी एनएमसी. एनएमसी हलकी असते, पण साधारण पाचशे ते हजार वेळा भरून-उपसून झाली की तिची ताकद उतरते. एलएफपी थोडी जड, पण दोन-तीन हजार फेऱ्या टिकते आणि तापून पेट घेण्याचा धोकाही तिच्यात कमी असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एलएफपीच घ्यावी, असे आमचे मत.

किमतीचा हिशेब फेऱ्यांवरून करता येतो. केवळ उदाहरणासाठी आकडे घेऊ. समजा, एक युनिट साठ्याच्या दोन पेट्या आहेत. पहिली ४०,००० रुपयांची आणि ३००० फेऱ्यांची. दुसरी ३०,००० ची आणि ६०० फेऱ्यांची. पहिलीत एका फेरीला साडेतेरा रुपयांच्या आत पडतात, दुसरीत ५० रुपये. लाईट रोज जात असेल तर स्वस्त दिसणारी पेटीच महाग पडली! पण वर्षातून चाळीस-पन्नास वेळाच लाईट जात असेल तर ६०० फेऱ्याही बारा वर्षे पुरतील, आणि तोवर बॅटरी वयानेच म्हातारी होईल. अशा घराने फेऱ्यांच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती जिल्ह्याच्या गावी होते का, याला जास्त महत्त्व द्यावे.

सोलर पॅनेलबद्दलही गैरसमज आहे. १०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसभर ठेवले तर साडेतीनशे-चारशे वॉटअवर देते. पण लाईट जास्त जाते ती पावसाळ्यात, आणि आभाळ भरून आले की त्याच्या निम्मेही मिळेल असे धरू नका. पॅनेल हा आधार आहे, भरवसा नव्हे.

जिवाशी खेळ नको

हा भाग घरात सर्वांना वाचून दाखवावा.

काही ठिकाणी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करतात. एक टोक पेटीत आणि दुसरे भिंतीच्या प्लगात घालून सबंध घर चालू करतात. हे कधीही करू नका. मेनस्विच बंद करायचे राहिले तर आपल्या घरची वीज उलटी बाहेरच्या तारेत जाऊ शकते. रोहित्रातून ती उलट गेली तर दाब वाढून ११,००० व्होल्टच्या तारेपर्यंत पोचण्याचा धोका असतो. खांबावर लाईट बंद आहे असे समजून आपल्याच गावचा वायरमन चढलेला असतो. त्याच्या घरीही पोरेबाळे आहेत. शिवाय त्या वायरची मोकळी पिन एखाद्या मुलाच्या हाताला लागली तर काय होईल?

दिवे-पंखे थेट पेटीला लावावेत. घरच्या वायरिंगला जोडायचेच असेल तर परवानाधारक माणसाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

पेटी पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात किंवा वैरणीजवळ ठेवू नये. चार्जिंग चालू असताना वर गोधडी-कपडे टाकू नयेत. पुराचे पाणी लागलेली पेटी वाळली म्हणून चालू करू नये. फुगली, वास आला किंवा फार तापली तर वायर काढून, सुरक्षितपणे उचलता येत असेल तरच, घरापासून दूर उघड्यावर ठेवावी. तिला खिळा-पाना लावू नये. लिथियमची पेटी महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर निम्म्याहून थोडी जास्त भरून ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी पाहावी. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून विक्रेत्याकडे द्यावी.

घरात आजारी माणूस असेल तर

ऑक्सिजनच्या यंत्राचा हिशेब वेगळा आणि कडक. ३५० वॉटचे यंत्र आठ तास चालवायचे म्हणजे २८०० वॉटअवर, आणि उतारा धरून सुमारे ३३००. ही लहान पेटी नव्हे. आमच्याकडे आता मोठी बॅटरी आहे. शिवाय डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे भरलेला ऑक्सिजन सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो. यंत्रावर माणसाचा जीव असेल तर एकट्या पेटीवर विसंबू नये. आणि गरज पडण्याआधी एकदा दिवसाउजेडी, माणूस बरे असताना, मेनस्विच बंद करून किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहावे. आम्ही हे केले असते तर ती रात्र टळली असती.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. साठा किती वॉटअवर? लेखी दाखवा.
२. सलग किती वॉट, आणि पहिला हिसका किती वॉट सोसते?
३. बॅटरीची जात कोणती, आणि किती फेऱ्यांनंतर किती टक्के ताकद राहते?
४. लाईनवर भरायला किती तास? कमी दाबावर भरते का?
५. प्युअर साइन वेव्ह आहे का?
६. लिथियम सेलवर आयएस १६०४६ ची नोंद आहे का?
७. हमी किती वर्षांची, आणि दुरुस्ती कुठे?

ही सात उत्तरे पावतीच्या मागे लिहून, दुकानाचा शिक्का घेऊन मगच पैसे द्यावेत. जो टाळाटाळ करील त्याचे दुकान सोडावे.

सभासद बंधु-भगिनींनो, काट्यावर आपला ऊस भरला की आपण वजनाची पावती किती बारकाईने वाचतो! एक क्विंटल इकडचा तिकडे होऊ देत नाही. तीच नजर या पेटीवरच्या आकड्यांवर ठेवा. आज रात्री जेवणे झाली की वही काढा, दिवे-पंखे मोजा, वॉट लिहा आणि गुणाकार करा. शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिच्याकडूनच करून घ्या. हिशेब आधी झाला की पैसा वाचतो, आणि एखादे वेळी माणूसही वाचते.